कोलंबीवर आळ

पत्राचा सारांश: वाचक एकतीस वर्षांची, ठाण्यात चरईत आई-वडिलांबरोबर राहते, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. नुकतीच टीम लीड झाली आहे. गेल्या दीडेक वर्षात ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये अधूनमधून वाइन किंवा बिअर घेऊ लागली. चार वेळा असं झालं की तासाभरात मानेवर, छातीवर आणि दंडांवर लाल, खाजणाऱ्या गांधी उठल्या. एकदा जिन घेतली तेव्हा काहीच झालं नाही. घरी पिण्याचं माहीत नाही. फॅमिली डॉक्टर वडिलांचे जुने मित्र, म्हणून त्यांना तिने सांगितलं, "बाहेर कोलंबी खाल्ली." तेव्हापासून घरात कोलंबी येणं बंद झालं, आईने सोड्यांची बरणीसुद्धा शेजारी देऊन टाकली. आता एका सहकारी मैत्रिणीच्या सल्ल्याने ती पार्टीआधी सेटिरिझिनची गोळी घेऊन जाते आणि गांधी कमी येतात. (मागच्या वेळी ओठ जरा जड झाले होते आणि आवाज बसला होता, पण ते बहुतेक एसीमुळे असावं, असं ती लिहिते.) नेरूळला राहणाऱ्या धाकट्या भावाला सगळं माहीत आहे. पुढच्या महिन्यात ऑफिसची कर्जतला दोन दिवसांची सहल आहे. तिचे प्रश्न: कोणतं पेय घेतलं तर त्रास होणार नाही? गोळी घेत राहिलं तर चालेल का? डॉक्टरांना खरं सांगावं का?

प्रिय वाचक,

तुझ्या लांबलचक पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात लिहिलं आहेस. ओठ जड झाले, आवाज बसला, असं सांगून लगेच ते एसीच्या माथी मारलंस आणि मोकळी झालीस. एसीने घसा कोरडा पडतो, ओठ सुजत नाहीत. अंगावर गांधी आणि त्याबरोबर ओठ, जीभ किंवा घशाला सूज असं एकत्र आलं की प्रकरण कातडीपुरतं राहत नाही. म्हणून 'कोणतं पेय चालेल' हा तुझा पहिला प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवते. नीट तपासणी होईपर्यंत एक घोटही नको. वाइन नको, बिअर नको, आणि तुला सुखरूप वाटणारी ती जिनही नको.

मी डॉक्टर नाही. पुढे औषधांबद्दल आणि चाचण्यांबद्दल जे लिहिते आहे ते सर्वमान्य आहे म्हणून लिहिते, पण तुझं निदान तुला समोर बसवून तपासणाऱ्यानेच करायचं आहे.

आधी पुढच्या वेळेचं बोलू, म्हणजे ती आलीच तर. गांधींबरोबर श्वास लागणं, छातीत घरघर, गिळायला त्रास, आवाज घोगरा होणं, चक्कर, उलट्या किंवा पोटात जोराची कळ यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. अशा वेळी जीव वाचवणारं औषध म्हणजे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, तिचा परिणाम सुरू व्हायलाच वेळ लागतो आणि घशाची सूज किंवा पडणारा रक्तदाब ती थांबवत नाही. तोवर आडवं पडून पाय उंच ठेवायचे, श्वास लागत असेल तर टेकून बसायचं, पण उठून चालायचं नाही. रुग्णालयात पोचल्यावर बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबावं लागतं, कारण लक्षणं ओसरून पुन्हा उसळू शकतात. येऊरच्या डोंगरावर एखाद्या बंगल्यात मध्यरात्री असं झालं तर खाली शहरात यायलाच किती वेळ जाईल, याचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करू शकशील.

आता तुझ्या पत्राच्या मुळाशी असलेल्या समजुतीकडे येते. तू सहा-सात ठिकाणी 'मला दारूची ॲलर्जी आहे' असं लिहिलंस. ते इतकं सरळ असण्याची शक्यता कमी आहे. दारूतला मुख्य पदार्थ इथेनॉल. त्याचीच खरीखुरी ॲलर्जी असणारी माणसं फार म्हणजे फारच थोडी. बहुतेकदा दोष पेल्यातल्या दुसऱ्या कशाचा तरी असतो, किंवा पेल्याशेजारच्या ताटलीतल्या कशाचा तरी.

मैत्रिणीने तुला सांगितलं की हे 'एशियन फ्लश' आहे, अनेकांना होतं, निरुपद्रवी असतं. तिन्ही गोष्टी तपासून घेऊ. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं पुढे ॲसिटेट. ही दुसरी पायरी सांभाळणारं एक विकर (एन्झाइम) काही लोकांमध्ये जन्मतःच दुबळं असतं, ॲसिटाल्डिहाइड साचतं, तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, मळमळतं. पण हा प्रकार चीन, जपान, कोरियाकडच्या लोकांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो, आपल्याकडे क्वचितच. ती लाली सपाट असते आणि भराभर सगळ्या चेहऱ्यावर पसरते. तुझ्या गांधी फुगून येतात, खाजतात, एका जागी विरून दुसरीकडे उठतात. ही खूण पुरेशी वेगळी आहे. शिवाय निरुपद्रवी म्हणशील तर ज्यांना खरोखर ती विकराची अडचण आहे त्यांनी पिणं चालू ठेवलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतर पिणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ज्याचं तोंड लाल होतं त्याचं शरीर काहीतरी सांगत असतं, आणि गोळीने लाली दबली तरी आतलं ॲसिटाल्डिहाइड जिथल्या तिथेच राहतं.

मग पेल्यात आणखी काय असतं? वाइनमध्ये सल्फाइट असतं, ते टिकवण्यासाठी घालतात आणि थोडं आंबवतानाही तयार होतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर लिहावं लागतं, नाशिकची बाटली असली तरी बघ. सल्फाइटचा त्रास जास्त करून दमा असलेल्यांना होतो आणि तो कातडीपेक्षा छातीत जाणवतो. चमकदार नारिंगी रंगाचा सुका जर्दाळू खाऊन तुला कधी काही झालं आहे का, हे आठव, त्यातही सल्फाइट असतं. वाइनमध्ये, विशेषतः लाल वाइनमध्ये, हिस्टामाइनही असतं, आणि गांधी उठवणारा पदार्थ तोच. बांगडा, सुरमई, ट्यूना अशी मासळी पुरेशा गारव्यात ठेवली नाही तर तिच्यातही हिस्टामाइन तयार होतं आणि शिजवूनही जात नाही, म्हणून कधीकधी शिळ्या बांगड्याने घरातल्या सगळ्यांची तोंडं एकदम लाल होतात. सगळ्यांना झालं तर बांगडा संशयित, एकाला झालं तर तो माणूस संशयित, इतकं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

बिअरचं वेगळं. तिच्यात बार्लीची प्रथिनं असतात, व्हीट बिअर असेल तर गव्हाची, शिवाय यीस्ट आणि हॉप्स. ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यात, म्हणजे जिन, व्होडका, व्हिस्कीत ही प्रथिनं बहुतांशी मागे राहतात. त्यामुळे तुझी जिनवाली संध्याकाळ एक धागा म्हणून उपयोगी आहे. पण तो पुरावा नाही. जिनबरोबर टॉनिक वॉटर घेतलं असशील तर त्यात क्विनाइन असतं आणि त्यानेही काहींच्या कातडीवर ठरावीक जागी पुन्हा पुन्हा डाग उठतात. आणि त्या संध्याकाळी तू खाल्लं काय होतंस, हे तू लिहिलंच नाहीस.

माझं सगळं लक्ष खरं तर इथेच आहे.

तू डॉक्टरांना कोलंबीचं नाव सांगितलंस तेव्हा ते खोटं आहे अशी तुझी खात्री होती. लहानपणापासून खात आलीस, कधी काही झालं नाही, त्यामुळे आळ निर्धास्तपणे कोलंबीवर टाकलास. पण पत्रात दुसऱ्या पानावर तूच लिहितेस की वाशीच्या त्या निरोपाच्या पार्टीत कोळीवाडा प्रॉन्सच्या प्लेटा येत होत्या. येऊरच्या पार्टीत काय होतं? तिसऱ्या वेळी? अन्नाच्या ॲलर्जीचा एक प्रकार असा असतो की पदार्थ एकटा खाल्ला तर काही होत नाही, पण त्याच्या जोडीला दुसरं काही आलं की शरीर बिथरतं. हे जोडीदार ठरलेले असतात: दारू, दुखण्यावरच्या ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, आणि व्यायाम. दारूमुळे आतड्यातून अन्नातली प्रथिनं रक्तात जास्त सहज शिरतात असं मानतात. गव्हाच्या बाबतीत हा प्रकार चांगला ओळखीचा आहे, पोळी रोज खाणाऱ्या माणसाला एरवी काहीच होत नाही आणि पळून आला किंवा पिऊन बसला की अंगभर गांधी उठतात. कोलंबी, शेंगदाणे यांच्या बाबतीतही असं होऊ शकतं.

आता तुझ्या पार्टीचं चित्र बघ. बिअर आहे. कोलंबी आहे, शेंगदाणा मसाला आहे, मैद्याचे नाना प्रकार आहेत. डीजे लागल्यावर तू तासभर नाचलीस, म्हणजे व्यायाम आला. आणि विचारायला हवं म्हणून विचारते, पाळीच्या दिवसांत पोटदुखीसाठी तू गोळी घेतेस का? त्या चारांपैकी एखाद्या संध्याकाळी घेतली होतीस का? त्या गोळ्या एकट्यानेही काहींना गांधी उठवतात. म्हणजे चार संशयित एकाच टेबलावर बसलेले होते, आणि तू पेल्याला पकडलंस, आईने ताटाला. दोघींपैकी कोणाचं बरोबर आहे, हे आत्ता मला सांगता येणार नाही. दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर निघू शकतं. म्हणून निदान होईपर्यंत आईच्या कोलंबीबंदीला मी हात लावणार नाही. ती उठवण्यासाठी घरी एकदा 'करून बघू' असा प्रयोगही करू नकोस.

सेटिरिझिनबद्दल. तू म्हणतेस, 'गोळी घेतली की कमी येतात, म्हणजे गोळी काम करते.' करतेच. गांधी आणि खाज दाबणं हे तिचं काम आहे. पण तुझ्यासाठी गांधी ही पहिली सूचना होती, जी मिळाल्यावर तू पेला खाली ठेवायचीस. आता ती सूचना मिळत नाही, त्यामुळे तू जास्त पितेस, जास्त खातेस, जास्त वेळ थांबतेस. भात करपल्याचा वास येऊ नये म्हणून नाकाला रुमाल लावण्यासारखं आहे हे. तारखा लावून बघ: ओठ जड झाले ती पार्टी गोळी सुरू केल्यानंतरची आहे. गोळीने सूज आणली असं मी म्हणत नाही. गोळीने तुला तिथवर जाऊ दिलं, असं म्हणते.

शिवाय सेटिरिझिनने अनेकांना झोप येते आणि दारूबरोबर ती गुंगी वाढते. जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी तर फारच. तू स्कूटरवरून ठाण्याला परत येतेस असं लिहिलं आहेस. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे, नळीत फुंकल्यावर ती मोजली जाते. गोळीची गुंगी कोणत्याच नळीत दिसत नाही. अशा रात्री स्कूटर ऑफिसच्या पार्किंगमध्येच राहू दे, हे आजवर कोणी तुला सांगितलं नसेल तर मी सांगते.

डॉक्टरांना खरं सांगावं का, याचं उत्तर हो. कोणत्या डॉक्टरांना, याला मात्र दोन वाटा आहेत.

एक, त्याच काकांना. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने सांगितलेलं गुपित डॉक्टरने बाहेर फोडायचं नसतं, रुग्ण मित्राची मुलगी असली तरी. तू एकतीस वर्षांची आहेस, तुझ्या कागदावर तुझ्या वडिलांचा काही हक्क नाही. बरेच जुने फॅमिली डॉक्टर आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त पचवून बसलेले असतात. त्यांना तुझ्या लहानपणापासूनचं माहीत आहे, घरात कोणाला दमा, कोणाला ॲलर्जी हे माहीत आहे, ही मोठी सोय आहे. पण तलावपाळीवर संध्याकाळी ते आणि वडील शेजारी बसणार असतील आणि ते पोटात ठेवतील असा भरवसा तुला वाटत नसेल, तर कायद्याचं कलम काढून तो भरवसा येत नाही. तेव्हा दुसरी वाट: नव्या डॉक्टरकडे जा. ॲलर्जीचं काम करणारा चर्मरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन बघ. खासगीत परवडत नसेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आहे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, त्वचाविकाराची ओपीडी असते. रांग लागेल. पण कोणत्याही दारात अर्धंच सांगणार असशील तर रांगेत उभी राहू नकोस. 'बाहेर काहीतरी खाल्लं' एवढ्यावर जी चाचणी लिहून मिळते ती चुकीच्या दिशेने जाते, आणि मग पैसेही जातात.

जाताना हातात काय असावं, हे सांगते, कारण हे कोणालाही उपयोगी पडेल. चारही संध्याकाळी आठवून लिहून काढ: काय प्यायलीस, कोणत्या ब्रँडचं, किती, पहिल्या घोटापासून किती वेळाने खाज सुटली, काय काय खाल्लंस, कोणती गोळी घेतली होतीस, त्या दिवशी आणि आदल्या दिवशी, पाळी होती का, नाचलीस का, गांधी किती तासांनी गेल्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे पार्टीचे फोटो उघड, टेबलावर काय होतं ते त्यात दिसेल आणि वेळही कळेल. गांधींचे फोटो असतील तर उत्तमच. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात आणि डॉक्टरला कोरी कातडी बघावी लागते, ही या दुखण्याची जुनीच तक्रार आहे. एरवी, काही न पितासुद्धा गांधी उठतात का, हेही लिही. ज्यांना मुळात जुनाट शीतपित्त असतं त्यांचं दारूने नुसतं उसळतं, तिथे दारू कारण नसते, निमित्त असते.

चाचण्यांबद्दल दोन-तीन गोष्टी. कातडीवर टोचून करतात त्या चाचणीआधी साधारण आठवडाभर सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर उत्तर खोटं येतं. रक्तातल्या आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) चाचणीला ही अट नाही. पण रक्ताचा अहवाल वाचतानाही सावध राहा. कोलंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन धुळीतल्या किड्यांमध्ये आणि झुरळांमध्येही जवळपास तसंच असतं. आपल्या दमट हवेत, पावसाळ्यात भिंतींना ओल धरणाऱ्या घरांत या किड्यांची ॲलर्जी असणारे पुष्कळ. त्यांचा कोलंबीचा आकडा नुसता या साधर्म्यामुळे वर येऊ शकतो, कोलंबी त्यांना व्यवस्थित पचत असली तरी. म्हणून अहवालावर 'पॉझिटिव्ह' दिसलं की त्याला निदान समजू नकोस, ते तुझ्या कहाणीशी जुळतंय का हे डॉक्टरच बघतील. आणि दोनशे पदार्थांची आयजीजी चाचणी एका पॅकेजमध्ये देऊ करणाऱ्या जाहिराती आल्या तर पैसे खिशात ठेव. आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड, ते तो पदार्थ तू खात आलीस एवढंच सांगतं, ॲलर्जी सांगत नाही. शेवटी गरज पडली तर थोडं थोडं देऊन बघण्याची चाचणी असते, ती रुग्णालयातच करायची, जिथे हाताशी इंजेक्शन असतं.

एका गोष्टीची नोंद वेगळी करून ठेव: सध्या चालू असलेली इतर औषधं. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल (जुलाबांवर सर्रास देतात), काही अँटिबायोटिक्स, गजकर्णावर देतात ते ग्रिसिओफल्विन, यांच्याबरोबर दारू घेतली तर तोंड लाल होणं, धडधडणं, ओकाऱ्या असा प्रकार होऊ शकतो. चेहऱ्याला लावायच्या टॅक्रोलिमस मलमानेही दारूनंतर चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. तुझी लक्षणं त्यातली वाटत नाहीत, पण हे सदर वाचणाऱ्या कोणाची तरी असतील.

त्यावरून आठवलं. अशाच लक्षणांबद्दल मला वेगळ्या घरांतून पत्रं येतात, बायकांची. नवऱ्याच्या नकळत डाळीत किंवा चहात 'दारू सोडवायची पावडर' घालतात आणि मग तो प्यायला की लाल होतो, तडफडतो, हे पाहून घाबरतात. त्या पुडीत अनेकदा डायसल्फिरॅम असतं. १९४८ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दारूच्या उपचारासाठी पुढे आणलेलं हे खरं औषध आहे, ॲसिटाल्डिहाइडची दुसरी पायरी ते मुद्दाम अडवतं. पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून द्यायचं असतं. शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. न सांगता घातलं आणि रक्तदाब एकदम पडला तर माणूस दगावू शकतो. त्या बायकांचा वैताग मला कळतो, पण पुडी घालू नका. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मानसोपचार ओपीडीत दोघांनी जा, आणि तो येत नसेल तर एकटीने जा. सल्ला नातेवाइकालाही मिळतो.

आता आई. मला वाटतं, तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त अपराधीपणा त्या सोड्यांच्या बरणीभोवती आहे. मी तुला आईसमोर बसून सगळं कबूल कर असं सांगणार नाही. आपल्याकडे एकतीस वर्षांच्या मुलाने बिअर घेतली तर आई नाराज होते आणि गप्प बसते, मुलीने घेतली तर घरात आठवडाभर सुतक असतं. हे बदलायला हवं, पण ते बदलण्याची जबाबदारी गांधी उठलेल्या मुलीवर टाकायची हे मला पटत नाही. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. तोवर आईला इतकं सांगता येईल आणि ते शंभर टक्के खरं असेल: "कोलंबीचंच आहे असं नक्की नाही, तपासण्या करतेय, डॉक्टर सांगेपर्यंत थांबू." त्यात पेल्याचं नाव नाही आणि खोटंही नाही.

मात्र एका माणसाला सगळं माहीत असायलाच हवं, आणि तो आधीच आहे: तुझा भाऊ. पण तो नेरूळला आणि तू चरईत. रात्री साडेबाराला तू घरी येशील, आईला गांधी दिसतील, ती नेहमीसारखी आमसुलं भिजत घालेल. आमसुलाचं पाणी अंगाला लावून गार वाटतं, त्यावर माझा आक्षेप नाही, पण आईला 'ओठ सुजले किंवा आवाज बदलला तर आमसूल नाही, थेट रुग्णालय' एवढा नियम माहीत असणं गरजेचं आहे. तो नियम सांगायला दारूचा उल्लेख करावा लागत नाही. भावालाच सांगायला लाव. आया मुलग्यांचं या बाबतीत पटकन ऐकतात, हेही एक आहेच.

ऑफिसबद्दल तू लिहिलंस की पेला हातात नसेल तर नव्या टीम लीडला कोणी आपलं मानत नाही. खरंच तसं आहे का, की तू तसं धरून चालली आहेस? तुझ्या टीममध्ये न पिणारे तीन जण आहेत असं तूच सांगितलंस. ते तुला परके वाटतात का? त्यांच्यापैकी कोणाचं अप्रेझल यामुळे अडलं? तू लीड आहेस, तेव्हा दुसरी बाजूही बघ: तुझ्या हातात लिंबू सोडा दिसला तर त्या तिघांना सोपं जाईल, आणि मनाविरुद्ध पिणारा एखादा चौथाही असेल. कारण विचारलं तर "ॲलर्जीची तपासणी चालू आहे" इतकं पुरे, ते खरंच आहे. 'एका घोटाने काय होतं' म्हणणारा कोणीतरी असतोच. त्याला ओठांचा किस्सा सांग. फार तपशिलात सांग. तो पुन्हा विचारणार नाही.

कर्जतच्या सहलीआधी अपॉइंटमेंट मिळवायचा प्रयत्न कर. मिळाली तर मधल्या काळात टोचण्याच्या चाचणीची शक्यता धरून गोळी कधी थांबवायची ते फोनवर विचारून घे, गांधी उठलेल्या असतील तर मनाने बंद करू नकोस. नाही मिळाली तरी सहलीला जा. दारू नाही, कोलंबी नाही, आणि अंगदुखीची गोळी लागलीच तर डॉक्टरला विचारून, तीही नाचायच्या दिवशी नको. खोलीत जी मैत्रीण असेल तिला १०८ चं सांगून ठेव. रिसॉर्टपासून जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय कोणतं, ते निघण्यापूर्वी बघून पत्ता फोनमध्ये टाक. राहिला तुझा जिनचा प्रश्न. तो अहवाल हातात आल्यावर त्या डॉक्टरांनाच विचार. त्यांनी अमुक चालेल असं सांगितलं, तर प्यावं की नाही ते तेव्हा ठरव. तोवर कदाचित लिंबू सोड्याची सवय झालेली असेल, किंवा नसेलही.